उईके सरांचं 'कशावरून?'

उईके सरांबद्दल मी पहिलं वाक्य ऐकलं ते असं: त्यांच्यापासून जरा जपून राहा.

पुलगावच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात गणिताचे विभागप्रमुख चौधरी सर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि हे म्हणाले. का जपायचं, ते बोलले नाहीत. माणूस हुशार आहे म्हणाले, पण वर्गाचं दार आतून लावून शिकवतो. "आता तुम्हीच सांगा मॅडम, लिनियर अल्जेब्रात दार लावण्यासारखं काय असतं?"

लिनियर अल्जेब्रा मीही शिकले होते. व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित, अनेक दिशा एकदम सांभाळायचं. शिकले म्हणजे पाठ केलं होतं. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोकं पुसलेल्या फळ्यासारखं साफ. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि दाखवण्यासारखंही मला कधी दिसलं नव्हतं.

माझा वर्ग उईके सरांच्या वर्गाला लागून होता. मधली भिंत पातळ. बाकीच्या वर्गांतून एकच आवाज येतो, शिक्षकाचा. त्यांच्या वर्गातून भांडणाचे आवाज यायचे. मुलं मुलांशी भांडायची, मुलं सरांशी भांडायची, मग एकदम चिडीचूप, मग बाकं ओढल्याचा आवाज, मग हशा. सरांचा आवाज त्यात क्वचित, आणि तोही बहुधा एकाच शब्दाचा: "कशावरून?"

ते पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे. शर्ट कायम बाहेर आणि उजवा खिसा खडूनं पांढरा झालेला. चेहरा असा, की समोरचा बोलत असला तरी हे वेगळंच काहीतरी ऐकत आहेत असं वाटावं. कॅन्टीनमध्ये आलूबोंडा घेतला की खाण्याआधी तो मधून फोडून आत बघायचे. स्टाफरूमच्या कपाटाला कुलूप लावून दारापर्यंत जायचे आणि परत येऊन ते ओढून पाहायचे. शनिवारी सेलूमार्गे हिंगणीला, आपल्या गावी जायला निघाले की एसटीवरची पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, आणि आत बसल्यावर शेजारच्यालाही विचारायचे, की ही सेलूलेच जाते ना. असा माणूस लोकांना खटकतो. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर आपणही त्याच्यावर का ठेवावा, असं वाटायला लागतं.

त्यात शिपाई एक दिवस सांगत आला की उईके सरांच्या वर्गात झाडायला गेलं की फरशीभर खडूनं आखलेल्या चौकटी असतात, तिरक्या, एकात एक घातलेल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, हिंगणीकडचे आहेत, जंगलातले, काय मांडत असतील सांगता येत नाही. सगळे हसले. ते कुणालाच खरं वाटत नव्हतं, पण कुणी खोडूनही काढलं नाही. उईके सर गोंड होते. कॉलेजात याचा उघड उच्चार होत नसे, पण त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक शंकेत ते कुठंतरी तळाशी असायचंच.

शेवटी मी एकदा त्यांचं दार वाजवलं. डस्टर मागायला म्हणून. त्यांनी दार किलकिलं केलं आणि विचारलं, तुमच्या टेबलावर डस्टर नाही का? होतं. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"या. पन बसा लागन. उभ्या राहून पाहाल तं पोट्टे घाबरतात."

मी मागच्या बाकावर बसले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडली होती. आडवे-उभे गज, त्यांच्या चौकटी. मुलांनी तासाच्या सुरुवातीला ती सावली खडूनं आखून ठेवली होती. आता ऊन सरकलं होतं, त्यामुळं खरी सावली आखलेल्या रेघांपासून हलली होती, कलली होती. चौकोन तिरके झाले होते. मुलं उकिडवी बसून दोन्हींची तुलना करत होती. सरांचा प्रश्न एवढाच होता: जुन्या सावलीतून नवी सावली झाली, यात काय बदललं आणि काय नाही?

कुणी म्हणालं, आकार बदलला. कुणी म्हणालं, पण समांतर रेघा समांतरच राहिल्या. कोपऱ्यात बसलेली एक सावळी, उंच मुलगी म्हणाली, उभ्या गजाची सावली कलली, पण आडव्या गजाची दिशा मोडली नाही आणि लांबीही तेवढीच आहे. ती पल्लवी भोयर. नाचणगावची.

शाबास वगैरे सर म्हणाले नाहीत. म्हणाले, "कशावरून?"

पल्लवीनं ओढणीचं टोक आखलेल्या रेघेवर धरलं, दुसऱ्या टोकाकडे गाठ मारली आणि तीच ओढणी नव्या सावलीवर ठेवली. गाठ बरोबर टोकावर आली. मग सर उठले आणि फळ्यावर पहिल्यांदा एक शब्द लिहिला: आयगेन व्हेक्टर. सगळं बदलत असताना ज्याची दिशा मोडत नाही, तो. माझ्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. तो फरशीवर पडलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे एवढं चांगलं चाललंय तर दार का लावता? ते म्हणाले, चुकताना बाहेरच्या कुणी पाहिलं की पोरगं पुढच्या वेळी चुकत नाही, गप्प बसतं. आणि नाव शेवटी का सांगता? तर म्हणे, आधी सांगितलं की पोट्टे नावच पाठ करतात.

हे मी चौधरी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून तसं शिकवलं असेल."

सरांची पहिल्या दिवसाची पद्धत मुलांकडून कळली. ते म्हणायचे, समजा तुम्हाला दोनच दिशांना चालता येतं, रेल्वेच्या रुळाच्या बाजूनं आणि नाचणगाव रोडच्या बाजूनं, पुढं किंवा मागं, हवं तेवढं. मग पुलगावातल्या कुठल्या घरी पोचता येणार नाही, ते सांगा. मुलं डोकं लढवायची आणि शेवटी कबूल करायची की सगळीकडे पोचता येतं. मग सर म्हणायचे, आता नाचणगाव रोड काढून घेतला, त्याऐवजी रुळाचीच दुसरी लाईन दिली. दिशा दोनच आहेत, पण आता? आता जन्मभर रुळावरच. दोन दिशा असून एकच असणं म्हणजे काय, हे मुलांना असं कळायचं. ज्या मुलाला इंग्रजीतली व्याख्या वाचताना घाम फुटायचा, तो वर्षभर 'रुळावरचा व्हेक्टर' म्हणायचा, आणि बरोबर म्हणायचा.

पण त्यांच्या शिकवण्याचा खरा कणा वेगळा होता. ते रोज एक चूक करायचे, मुद्दाम. कुठल्या ओळीत, ते सांगायचे नाहीत. कधी एखादं चिन्ह उलटं, कधी एखादं प्रमेय जिथं लागू होत नाही तिथं लावलेलं. तास संपायच्या आत ती मुलांनी पकडायची. "माह्यावर जाऊ नका, तपासून पाहा," हे त्यांचं पालुपद. कधी कधी ते चूक करायचेच नाहीत, आणि त्या दिवशी मुलं सगळ्यांत कसून तपासायची, कारण सापडत नाही म्हणजे फार खोल दडवली असणार.

त्याचा उपद्रव आम्हाला व्हायचा. तीच मुलं माझ्या तासाला यायची आणि मी फळ्यावर काही लिहिलं की डोळे बारीक करून बघायची. एकदा संस्थेचे सचिव पाहणीला आले आणि नेमके उईके सरांच्या वर्गात जाऊन बसले. सरांनी नेहमीसारखी चूक केली, एका मुलानं उठून ती दाखवली, सरांनी मान डोलावून ती पुसली. सचिवांनी प्राचार्यांना विचारलं, या शिक्षकाला विषय येत नाही का? प्राचार्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण मुद्दाम चुकीचं शिकवतात हे वाक्य कसंही फिरवलं तरी चांगलं ऐकू येत नाही. त्या दिवसानंतर प्राचार्यही दबकूनच असत.

मग ती चाचणी. सरांनी प्रश्नपत्रिकेबरोबर सगळ्या प्रश्नांची पूर्ण सोडवलेली उत्तरंही वाटली. त्यांतली काही बरोबर होती, काही चूक. काम एवढंच, की बरोबर असेल तर का बरोबर ते लिहा, चूक असेल तर कुठं घसरलं ते दाखवा. नुसतं सोडवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. कुणीतरी त्या उत्तरांचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो गावभर फिरला, खाली मजकूर असा, की आमच्या कॉलेजात प्राध्यापकच परीक्षेत उत्तरं वाटतात. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. सरांनी खुलासा केला. प्राचार्यांचं समाधान झालं की नाही कळलं नाही, पण फोटो कुणी काढला यावर स्टाफरूममध्ये महिनाभर एकमेकांकडे तिरप्या नजरेनं पाहणं चाललं. माझा संशय चौधरी सरांवर होता. चौधरी सरांचा, मागाहून कळलं, माझ्यावर होता.

त्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेत लिनियर अल्जेब्राच्या पेपरात सरांचा सगळा वर्ग पास झाला. या पेपरात आमच्याकडे दरवर्षी निम्मा वर्ग नापास व्हायचा. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे आले, पण जरा उशिरा, आणि थोडेच. आणि मग, गुणपत्रिका मिळायच्या आधीच, विद्यापीठानं त्या पेपरचा निकाल राखून ठेवला. सामूहिक गैरप्रकार झाला का, याची चौकशी व्हायची होती.

कॉलेजचं वातावरण एकदम गढूळ झालं. तक्रार कुणी केली? चौधरी सर शपथेवर सांगत होते की आपण नाही, आणि ते जितकं सांगत तितकं लोकांना उलट वाटायचं. काहीजण म्हणत, सचिवांनी केली असेल. काहीजण म्हणत, कुणी का केली असेना, धूर आहे तिथं आग असणारच. मुलांच्या घरी वेगळीच कथा. पल्लवीला एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा होता. गुणवत्ता यादीत तिचं नाव लागण्यासारखं होतं, पण गुणपत्रिकेशिवाय प्रवेश नक्की होत नव्हता आणि मुदत जवळ येत होती. तिच्या वडलांनी तिला एकदाच विचारलं, "खरंच कॉपी नाई ना केली बाई?" हे तिनंच मला सांगितलं. बापानं विचारावं, हे तिला लागलं होतं.

उईके सर या सगळ्या दिवसांत काहीच बोलले नाहीत. वर्गात जात, दार लावत, शिकवत. लोकांना तेही संशयास्पद वाटलं. निर्दोष माणूस एवढा शांत कसा राहील?

चौकशीला विद्यापीठाकडून एक बाई आल्या. पांढरे केस, सुती साडी, बोलणं तुटक. त्यांनी मुलांना एकेक करून फळ्यापाशी बोलावून तोंडी परीक्षा घेतली. सरांना आत येऊ दिलं नाही. गणिताचं नाही असं कुणीतरी हजर हवं म्हणून प्राचार्यांनी मला बसवलं.

पहिलाच मुलगा फळ्यावरचं गणित पाहून म्हणाला, मॅडम, हे बरोबर लिहिलंय ना तुम्ही? बाईंच्या कपाळावर आठी पडली. पुढच्या मुलीनं उत्तर काढलं आणि लगेच सांगायच्या ऐवजी बाजूला काहीतरी आकडेमोड करत बसली. तिसरा तर सरळ म्हणाला की आधी हे तीन व्हेक्टर वेगळ्या दिशांचे आहेत का ते बघू द्या, मग पुढचं. मी मनात म्हटलं, संपलं. ज्यांना येत नाही तीच मुलं असा वेळ काढतात. बाई कागदावर काहीतरी टिपत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

मग पल्लवी आली. बाईंनी मॅट्रिक्स लिहिलं आणि त्याचे आयगेन व्हॅल्यू काढायला सांगितले. तिनं काढले. मग सगळ्यांची बेरीज करून ती मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेशी ताडून पाहिली, गुणाकार डिटरमिनंटशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. ती मागं सरली.

बाई म्हणाल्या, "चुकलं. पूस ते."

मला माहीत होतं की चुकलेलं नाही. पल्लवीनं फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. डस्टर तिच्या हाताशीच होतं. ते तिनं उचललं नाही.

"कुठं चुकलं, मॅडम?"

"मी सांगते ना, चुकलं म्हणून."

"तुम्ही मोठ्या हात," पल्लवी म्हणाली. "पन कुठं ते दाखवा. मी दोन वाटांनी तपासलं. दोन्हीकडून हेच येऊन राह्यलं."

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "बस. बरोबर आहे." पुढच्या प्रत्येकाला त्यांनी हेच केलं. बरोबर उत्तराला चूक म्हणायचं. एकानंही पुसलं नाही. एका मुलानं तर परत पहिल्यापासून सगळं तपासलं, आणि खाली मान घालून म्हणाला की सॉरी मॅडम, पण हे बरोबरच आहे. बाई नंतर मला म्हणाल्या, ज्यानं दुसऱ्याचं उतरवलेलं असतं तो चूक म्हटलं की लगेच पुसतो. त्याच्यापाशी धरून ठेवण्यासारखं काही नसतं.

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. आम्ही सगळे होतो, उईके सर सोडून. बाईंनी सांगितलं की अहवाल चांगला जाईल. मग उठता उठता, सहज बोलावं तसं म्हणाल्या, "तुमच्या उईके सरांचं कौतुक आहे. स्वतः विद्यापीठात येऊन म्हणाले, माझ्या वर्गाचा निकाल तपासा. असं कुणी करत नाही."

चौधरी सरांनी कप खाली ठेवला तो बशीवर नीट बसला नाही. इतके दिवस जी तक्रार आम्ही एकमेकांच्या डोक्यावर ठेवून पाहत होतो, ती तक्रार नव्हतीच.

मी उईके सरांना स्टेशनकडच्या रस्त्यावर गाठलं. शनिवार नव्हता, तरी ते चालत निघाले होते, कुठं ते त्यांनाही माहीत नसावं. मी विचारलं, का केलंत हे? ते म्हणाले की सगळा वर्ग पास झालेला पाहिला तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच खरं वाटलं नाही. आणि दुसऱ्यांना वाटणार नाही हे तर नक्कीच होतं. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ते स्वतः बी.एस्सी.ला विभागात पहिले आले होते. निकाल लागला त्या दिवशी तिथल्या विभागप्रमुखांनी त्यांना खोलीत बोलावून, समोर बसवून सगळा पेपर परत सोडवून घेतला. दुसऱ्या, तिसऱ्या नंबरच्या मुलांना बोलावलं नाही. त्यांनी पेपर पुन्हा सोडवला, पुन्हा तेवढाच बरोबर. विभागप्रमुख ठीक आहे म्हणाले. अभिनंदन नाही.

"तवापासून मले सवय झाली, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्यानं संशय घ्याच्या आधी आपनच आपल्यावर घ्याचा. मंग कोनी काही म्हनू शकत नाई."

मला त्यांचं म्हणणं कळलं, आणि तरी काहीतरी टोचत राहिलं. काय टोचतंय ते मला सांगता आलं नाही. ते पल्लवीनं सांगितलं.

निकाल लागला. सगळे पास, गैरप्रकार नाही. पण तो लागेपर्यंत एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत होऊन गेली होती. पल्लवीचं वर्ष गेलं. चौकशी कुणी मागितली हे तोवर गावात सगळ्यांना कळलं होतं. ती स्टाफरूममध्ये आली ती सरळ सरांच्या टेबलापाशी. आम्ही सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून बसलो. ती चढ्या आवाजात बोलली नाही.

"सर, तुम्हाले सिद्ध कराचं होतं तं तुमचं करा लागत होतं. आमचं काऊन?"

सर उठून उभे राहिले. विद्यार्थ्यासमोर शिक्षक उभा राहतो तसे नाही, परीक्षकासमोर विद्यार्थी उभा राहतो तसे.

"मले वाटलं, तुमच्यावर कोनी बोट नाई दाखवलं पाह्यजे."

"बोट तं तुम्हीच दाखवलं," पल्लवी म्हणाली. "आम्हाले विचारलं असतं तं आम्ही हो म्हनलं असतं. सगळ्यांनी म्हनलं असतं. पन विचाराचं होतं, सर."

मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं, पण कुणाच्या बोलण्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही असं फार कमी वेळा झालं. ते म्हणाले, "हो. विचाराचं होतं." आणि उभेच राहिले. ती गेली तरी.

त्याच आठवड्यात ते नाचणगावला तिच्या घरी गेले. तिच्या वडलांना सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही. वडील शेतकरी माणूस, मितभाषी. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि शेवटी एवढंच म्हणाले की पोरीलेच विचारा आता पुढं काय ते. पल्लवीनं विचारायची वाट पाहिली नाही. तिनं सांगितलं, एक वर्ष मला घरी बसवलं तुम्ही, आता मला काम द्या.

ते वर्ष ती कॉलेजात आली. सरांच्या वर्गातली मागं पडणारी मुलं ती दुपारी घेऊन बसायची. सरांनी प्राचार्यांशी वाद घालून तिला एक खोली मिळवून दिली. ती शिकवायची सरांसारखंच. रूळ, रस्ता, फरशीवरच्या रेघा, सगळं. फक्त एक गोष्ट तिनं बदलली. तासाच्या सुरुवातीलाच ती सांगायची की आज मी एक चूक करणार आहे, शोधा. सरांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आधी सांगितलं तर शोधण्यात राम काय? खरं आयुष्य असं सांगून चुकतं का? दोघांचा यावर स्टाफरूमच्या दारात वाद झालेला मी ऐकला आहे. पल्लवी म्हणाली, सर, मुलांना गणितावर संशय घ्यायला शिकवायचं, माझ्यावर नाही. सर तसेच निघून गेले. पुढच्या वर्षापासून त्यांनीही सांगायला सुरुवात केली की काय, ते मला माहीत नाही. त्यांच्या वर्गाचं दार शेवटपर्यंत बंदच राहिलं.

पल्लवीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. आता ती वर्ध्यात एका कॉलेजात शिकवते. सरांचं नाव निघालं की हसते, पण हसण्याआधी एक क्षण थांबते. तो क्षण अजून गेलेला नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही.

उईके सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही निरोप समारंभ केला. चौधरी सर त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले की हे मनापासून बोलतात की कसं. उईके सर चार वाक्यं बोलून बसले. हिंगणीला परत जाणार, म्हातारी आत्या आहे, तिच्याजवळ राहणार, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरचे बोर धरणाकडे गेलो होतो. परतताना हिंगणीत गाडी थांबवून मी त्यांचं घर विचारलं. गावाच्या टोकाला, पुढं मोहाचं झाड असलेलं घर. अंगणात बाजेवर एक खूप म्हातारी बाई बसली होती, आणि तिच्या पायाशी, जमिनीवर, सर. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले, पण उठले नाहीत. त्यांचं काहीतरी चाललं होतं.

थोड्या वेळानं कळलं. सर लहानपणीच आश्रमशाळेत गेले, तिथं मराठीच बोलावं लागायचं, आणि घरची गोंडी सुटली ती सुटलीच. आई गेली. आता ती भाषा घरात एकट्या आत्याच्या तोंडात उरली होती. सर ती शिकत होते. आत्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवायची, शब्द बोलायची. सर तो म्हणायचे. आत्या मान हलवायची, नाही. सर पुन्हा म्हणायचे. पुन्हा नाही. मला दोन्ही उच्चार सारखेच वाटत होते. तिला वाटत नव्हते.

मी चहा घेतला, पल्लवीची खुशाली सांगितली. त्यांनी ऐकली, बरं म्हणाले, आणि परत आत्याकडे वळले. मला जायचं होतं. गाडीत बसून काच खाली केली तेव्हा आत्यानं वैतागून त्यांची हनुवटी हातात धरली होती. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती त्यांचा खालचा ओठ दाबून आत वळवत होती, शब्दासाठी तोंड कसं धरायचं ते दाखवायला. सर डोळे मिटून, तोंड तसंच अर्धं उघडं ठेवून, ती सोडेपर्यंत गप्प बसून होते.